घड्याळात आकाश बसवताना या चुका टाळा

यांत्रिक घड्याळाच्या जाहिरातीत चंद्र आला की पाठोपाठ वर्षांचा आकडा येतो. घड्याळातला चंद्र आणि आकाशातला चंद्र यांत १२२ वर्षांत एका दिवसाचा फरक. लांगे उंड झोने या जर्मन कंपनीच्या २०१४ च्या 'टेरालूना'मध्ये १०५८ वर्षांत एक दिवस. त्याच वर्षी आंद्रेआस श्ट्रेलर यांनी दाखवलेल्या घड्याळात तर हा दावा २० लाख वर्षांवर गेला. हे वाचून नवा डिझायनर पहिला आठवडा चाकांच्या दात्यांचं गुणोत्तर शोधण्यात घालवतो. या सगळ्या कामात सर्वांत आधी सुटलेला प्रश्न कुठला असेल तर तो हाच. हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात शनीचं चक्र २०६ आणि ७ दात्यांत बसवलं होतं, आणि अशिल ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीनं १८६१ मध्ये अपूर्णांक शोधण्याची रीतच छापून ठेवली. आज संगणकावर ते मिनिटाभरात होतं.

डिझाइन फसतं ते वेगळ्या जागी. हे आकाश कुठल्या गावाचं, कुठल्या बाजूनं पाहिलेलं, आणि ते पाहणारा माणूस कशाशी ताडून बघणार, हे प्रश्न कागदावर आलेलेच नसतात.

वर्षांचा आकडा वाढवत बसणं

मध्यम चांद्रमास २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं ३ सेकंदांचा. साध्या घड्याळात ५९ दात्यांच्या तबकडीवर दोन चंद्र असतात आणि रोज एक दाता सरकतो, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. दर महिन्याला ४४ मिनिटं मागे पडतात आणि अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात पूर्ण दिवसाचा फरक होतो. १३५ दात्यांचं चाक आणि मध्ये एखादं जादा चाक घालून २९.५३१२५ दिवस मिळवले की फरक १२२ वर्षांवर जातो. इथपर्यंत जाणं योग्य आहे, कारण अडीच वर्षांचा फरक मालकाला खरोखर दिसतो.

त्यापुढे मात्र जरा थांबून विचार करा. खरा चांद्रमास दर वेळी एकाच लांबीचा नसतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो सुमारे २९ दिवस ७ तासांपासून २९ दिवस २० तासांपर्यंत बदलतो. मध्यम अमावास्या आणि खरी अमावास्या यांत १४ तासांपर्यंत अंतर पडू शकतं. म्हणजे २० लाख वर्षांचं घड्याळसुद्धा या महिन्यात अर्ध्या दिवसानं चुकलेलं असू शकतं, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण ते फक्त सरासरीच दाखवतं. शिवाय तबकडी दिवसातून एकदाच सरकणार असेल तर तिची नजरच एका दिवसाची. आणि घड्याळ तीन दिवस कपाटात पडून बंद झालं की १०५८ वर्षांचा हिशोब सोमवारी सकाळी संपतो. म्हणून मला विचाराल तर जादा चाकाची जागा दुसऱ्या बॅरलला, म्हणजे किल्लीची स्प्रिंग ठेवणाऱ्या डबीला, द्यावी. व्हाशेरॉन कॉन्स्टॅन्टिन या कंपनीनं २०१७ च्या 'सेलेस्टिया'मध्ये २३ कॉम्प्लिकेशन्स (साध्या वेळेपलीकडचं दाखवणाऱ्या यंत्रणा) ८.७ मिलिमीटर जाडीच्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे आतल्या यंत्रात, बसवली, पण त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे सहा बॅरल आणि तीन आठवडे पुरणारी किल्ली.

दाते वाढवण्याची किंमतही असते. १० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर १३५ दाते म्हणजे मॉड्यूल (व्यास भागिले दाते) ०.०७४ च्या आसपास. अशा दात्यात धुळीचा कण अडकला तरी चंद्र थबकतो.

चंद्राचा आकार चुकवणं

डायलवरच्या खिडकीला खालून दोन अर्धगोल उंचवटे असतात आणि त्यांच्यामागून चंद्र डोकावतो. ही रचना शेकडो वर्षं चालत आली आहे, पण ती चंद्राच्या अर्ध्याच कला खऱ्या दाखवते. डाव्या उंचवट्यामागून चंद्र बाहेर येतो तेव्हा बीज-तृतीयेची कोर ठीक दिसते. अष्टमीला प्रकाश आणि अंधाराची सीमा सरळ रेषा असायला हवी, दशमीला ती अंधाराच्या बाजूला फुगायला हवी. उंचवटा मात्र सतत चंद्राच्या अंगात घुसलेला असतो, त्यामुळे पौर्णिमेच्या दोन दिवस आधीही कोरच दिसते, फक्त जाड. शुक्ल दशमीचा चंद्र अशा घड्याळात उगवतच नाही.

परंपरा म्हणून ती खिडकी ठेवायची असेल तर जरूर ठेवा. पण 'वास्तव चंद्र' असं लिहून ती विकू नका. आकार खरा हवा असेल तर अर्धा काळा, अर्धा उजळ गोल फिरवणं हा प्रामाणिक उपाय. फिरत्या गोलाची सीमारेषा आपोआप खऱ्या चंद्रासारखी लंबवर्तुळाची येते. दे बेतून ही कंपनी पॅलेडियम आणि निळ्या पोलादाचा असा गोल वापरते. त्याची किंमत जाडीत मोजावी लागते.

दुसरी गोष्ट बाजूची. उत्तर गोलार्धात शुक्ल पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळते, दक्षिणेत डावी. सिडनी किंवा ऑकलंडला राहणाऱ्या मराठी माणसाला जिनिव्हात बनलेल्या घड्याळातला चंद्र उलटाच दिसणार. आयडब्ल्यूसी या कंपनीनं 'पोर्तुगीझर'च्या शाश्वत दिनदर्शिकेत दोन गोलार्धांचे दोन चंद्र शेजारी दाखवून हे सोडवलं. विषुववृत्ताजवळ तर दोन्हीही पुरते खरे नाहीत. मुंबई-गोव्याच्या अक्षांशावर बीजेची कोर बरीचशी आडवी, होडीसारखी दिसते, आणि घड्याळ ती उभी दाखवतं. याला यांत्रिक उपाय करण्याच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा उत्तर तयार असलं म्हणजे झालं.

चंद्रकलेला तिथी समजणं

आपल्याकडच्या डिझायनरला हा मोह होतोच: ३० घरं आखू, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत, रोज मध्यरात्री काटा एक घर पुढे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. ३० तिथी साडेएकोणतीस दिवसांत बसतात, म्हणजे सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची. रोज एक घर सरकवलं की महिन्याअखेर अर्धा दिवस चुकला. हे दात्यांनी सुधारता येतं. जे सुधारता येत नाही ते पुढे आहे: खरी तिथी सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत बदलते, दिवसाची तिथी ठरते सूर्योदयावरून, आणि म्हणून क्षय आणि वृद्धी होते. कुठल्याही मध्यम गतीच्या तबकडीला एखादी तिथी गाळता किंवा दोनदा दाखवता येत नाही. अशा घड्याळावर विसंबून कुणी चतुर्थीचा उपास धरला तर पंचांगाशी भांडण ठरलेलं. तबकडीवर 'तिथी' न लिहिता 'चंद्राचं वय' लिहा आणि दिवसांत आखा. एवढ्यानं निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

राशींचंही असंच. युरोपीय घड्याळातली राशीची तबकडी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली असते, तिथे सूर्य २१-२२ डिसेंबरला मकरेत जातो. आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला. अयनांश, म्हणजे या दोन पद्धतींतलं अंतर, सुमारे २४ अंश झालेत, त्याचा हा फरक. तबकडी पुण्यात विकायची असेल तर कुठली पद्धत धरली ते आधी ठरवा.

कालसमीकरणाला पत्ता न देणं

खऱ्या सूर्याची मध्यान्ह आणि घड्याळाचे बारा यांत वर्षभर बदलणारं अंतर असतं, तेच कालसमीकरण. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं २५ सेकंदांनी पुढे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १४ मिनिटं १५ सेकंदांनी मागे, आणि १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर, २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास शून्य. पृथ्वीच्या कक्षेचं लंबवर्तुळ आणि आसाचा २३.४ अंशांचा कल, या दोन कारणांची ही बेरीज. घड्याळात वर्षातून एकदा फिरणारा मूत्रपिंडाच्या आकाराचा कॅम (ठरावीक आकाराची कड असलेली चकती) आणि त्याच्या कडेवर टेकलेली तरफ हे अंतर दाखवते.

यात सर्वांत जास्त होणारी चूक यांत्रिक नाहीच. हा फरक स्थानिक मध्यम वेळेशी असतो, प्रमाण वेळेशी नाही. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, म्हणजे सुमारे ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये प्रमाण वेळ आली तरी मुंबई १९५५ पर्यंत स्वतःचा 'बॉम्बे टाइम' धरून होती, तो हाच ३९ मिनिटांचा फरक. म्हणून मुंबईत ३ नोव्हेंबरला खरी मध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांनी होते, आणि ११ फेब्रुवारीला १२ वाजून ५३ मिनिटांनी. ज्यानं हजारो फ्रँक मोजून घेतलेलं घड्याळ छपरावरच्या शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या, सावलीशी ताडून पाहिलं, तो म्हणणार घड्याळ बिघडलं. जिनिव्हातही वेगळं नाही. तिथली प्रमाण वेळ १५ अंश रेखांशाची, गाव ६ अंशांवर, फरक ३५ मिनिटांचा. उपाय सोपा आहे. सूर्याचा काटा धुरीवर घट्ट न बसवता घर्षणानं धरा, म्हणजे मालकाच्या गावासाठी घड्याळजी तो एकदाच फिरवून देईल. किंवा तबकडीवर गावाचं नाव कोरा.

चिन्हाची चूक दुसऱ्या क्रमांकावर. काही जुन्या तक्त्यांत 'घड्याळ वजा सूर्य' असतं, काहींत 'सूर्य वजा घड्याळ'. कॅम कापून झाल्यावर हे कळलं तर अख्खा कॅम भंगारात. चाचणी एकच: तारीख ३ नोव्हेंबरवर आणा, सूर्याचा काटा मिनिटकाट्याच्या पुढे गेला पाहिजे.

मग कॅमचा आकार. तक्त्यातले आकडे त्रिज्येवर टाकून वक्र काढला आणि तोच कापला, की हमखास चूक होते. तरफेचं टोक बिंदू नसतं, त्याला गोलाई असते. आणि ते कॅमच्या केंद्राकडे सरळ येत नाही, स्वतःच्या खुंटीभोवती कमानीत फिरतं. दोन्हींचा हिशोब धरून कड आत किंवा बाहेर सरकवावी लागते. मूत्रपिंडाची जी खोलगट बाजू आहे तिच्या वक्रतेपेक्षा टोकाची गोलाई लहान हवी, नाहीतर टोक तळाशी पोहोचतच नाही आणि काटा शेवटचं मिनिट-दोन मिनिटं गाठत नाही. कॅमची एकूण उचल दीड मिलिमीटर असेल तर शतांश मिलिमीटरची खोट म्हणजे १२ सेकंद. म्हणजे कड कापण्यापेक्षा पॉलिश करताना जास्त जपायचं.

उदय-अस्ताचा कॅम सममित धरणं

सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबर, मग सर्वांत लवकर सूर्यास्त आणि सर्वांत उशिरा सूर्योदयही तेव्हाच, असं गृहीत धरून कॅम दोन्ही बाजूंना सारखा कापतात. मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो आणि सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. कारण पुन्हा तेच कालसमीकरण. उत्तरेकडच्या गावांत दिवसाची लांबी इतक्या वेगानं बदलते की त्याचा परिणाम झाकला जातो; आपल्या अक्षांशावर तो उघडा पडतो. जिनिव्हात सर्वांत मोठा दिवस पावणेसोळा तासांचा, सर्वांत लहान साडेआठचा. मुंबईत सव्वातेरा आणि अकरा. तिकडचा कॅम इकडे काहीही कामाचा नाही, आणि तो 'प्रमाणात बारीक' करूनही चालत नाही, कारण मूळ आकारच वेगळा आहे.

उदय कशाला म्हणायचं हेही लिहून ठेवा. वातावरणातलं वक्रीभवन आणि बिंबाची वरची कड धरली तर सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) असतानाच उदय होतो. मुंबईत यानं दोन्ही बाजूंना साडेतीन मिनिटांच्या आसपास फरक पडतो. एक कॅम एका व्याख्येनं आणि दुसरा दुसरीनं काढलेला असेल तर काटे एकमेकांशी कधीच जुळत नाहीत.

तारकानकाशा उलटा फिरवणं

हा दोष विकत घेणाऱ्याला क्वचित दिसतो, पण आकाश पाहणारा माणूस पाच सेकंदांत पकडतो. डोक्यावर धरून वाचायच्या नकाशात उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडे येते आणि तारे ध्रुवाभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे आपला यंत्रराज, याच्या बरोबर विरुद्ध: तिथे आकाश बाहेरून पाहिल्यासारखं काढलेलं असतं, दक्षिण वर, आणि जाळी घड्याळाच्या दिशेनं फिरते. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती नकाशा एकाकडून आणि फिरण्याची दिशा दुसऱ्याकडून घेतल्यावर. मधलं एक चाक कमी-जास्त झालं की दिशा उलटते, आणि जागा वाचवायला ते एक चाक काढणं शेवटच्या क्षणी सुचतं. सप्तर्षी खांबासारखे स्थिर धरून पाहू नका. मृग पूर्वेकडून वर येतो की पश्चिमेकडून, ते बघा.

अक्षांश पुन्हा इथेही. पाटेक फिलिप या कंपनीनं १९२७ मध्ये पॅकार्ड या अमेरिकी उद्योगपतीसाठी बनवलेल्या घड्याळावर ओहायोतल्या वॉरनचं आकाश होतं, ग्रेव्ह्ज या गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या १९३३ च्या घड्याळावर न्यूयॉर्कचं. त्या काळी घड्याळ एका माणसाचं असे, म्हणून आकाशही त्याच्या गावचं. आज तोच उत्तरेकडचा नकाशा जगभर विकला जातो. अगस्त्य ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, ५२.७ अंश दक्षिण. ३७ अंशांच्या उत्तरेला तो उगवतच नाही. जिनिव्हाच्या नकाशात अगस्त्य नाही, आणि महाराष्ट्रात हिवाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाकडे तोच सर्वांत ठळक तारा.

आता गुणोत्तर. नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांच्या एका फेरीचा काळ, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. ३६६ भागिले ३६५ हे सोपं गुणोत्तर घेतलं तर वर्षाला सुमारे ५७ सेकंदांची चूक होते, म्हणजे चार वर्षांत आकाश एक अंश सरकतं. नीटनेटकं दिसणारं उत्तर १४६५ भागिले १४६१ हे, पण १४६१ म्हणजे ३ गुणिले ४८७, आणि ४८७ ला भाग जात नाही. तेवढ्या दात्यांचं चाक मनगटावर कोण बसवणार? म्हणून जवळचा, पण लहान अवयवांत फुटणारा अपूर्णांक शोधावा लागतो. तीस मिलिमीटरच्या तबकडीवर एक अंश म्हणजे कडेला पाव मिलिमीटर. तेवढं लक्षात ठेवून कुठे थांबायचं ते ठरवा.

ग्रहांच्या तबकडीत उलटी गंमत असते. शनीचा एक अंश म्हणजे जवळपास तीस दिवस, तेव्हा चाकांमधला ढिलेपणा कुणालाच दिसत नाही. तोच ढिलेपणा कालसमीकरणाच्या काट्यावर लगेच थरथरतो.

घड्याळ तयार झाल्यावर येणाऱ्या तक्रारी

चंद्र दिवसात दोन दाते सरकतो: जम्परची (चाक जागेवर धरणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग सैल आहे किंवा ढकलणारं बोट लांब आहे. स्प्रिंग घट्ट करून सोडून देऊ नका. मध्यरात्रीनंतर बॅलन्सचं, म्हणजे झुलत्या चाकाच्या झोक्याचं, अ‍ॅम्प्लिट्यूड मोजा. तारीख, वार, चंद्र सगळं एकाच क्षणी उडत असेल तर ते पडणारच, तेव्हा उड्या तासा-दोन तासांच्या अंतरानं पसरवा.

चंद्र दुपारी सरकतो: चोवीस तासांचं चाक बारा तासांनी उलटं बसलंय. काटे बारा तास पुढे न्या, मग चंद्र लावा.

चंद्र मुळीच सरकत नाही, आणि मालक म्हणतो 'मी फक्त बटण दाबलं'. रात्री आठ-नऊपासून पहाटे तीनपर्यंत बोट दात्यात अडकलेलं असतं. तेव्हा बटण दाबलं की बोट वाकतं. हे माहितीपत्रकाच्या तळाशी छापून उपयोग नाही. त्या काळात बटण निकामी होईल अशी रचना करा. चंद्र लावताना अमावास्या धरू नका, काळ्यात काळं काही समजत नाही. पौर्णिमा खिडकीच्या मध्यावर आणा आणि मागच्या पौर्णिमेपासून झालेले दिवस मोजून तेवढ्या वेळा दाबा.

सूर्याचा काटा उन्हाळ्यात नीट, डिसेंबरात मागे राहतो: कालसमीकरण सर्वांत वेगानं बदलतं ते डिसेंबरच्या उत्तरार्धात, दिवसाला ३० सेकंदांपर्यंत, आणि तेव्हा तरफेला कॅमच्या खोलगट बाजूकडे उतरायचं असतं. तिथे ढकलणारं चाक नसतं, फक्त स्प्रिंग. खुंटी साफ करा, स्प्रिंग बघा. मे महिन्यात तपासून पाठवलेलं घड्याळ हिवाळ्यात परत येतं ते यामुळे, म्हणून कारखान्यातून निघण्याआधी दिनदर्शिका पूर्ण वर्षभर पुढे नेऊन काटा बघितलाच पाहिजे.

आणि घड्याळ दाखवत असलेल्या ज्या माहितीला शेवटची तारीख आहे ती आधीच सांगा. पाटेक फिलिपच्या १९८९ च्या 'कॅलिबर ८९' या घड्याळामध्ये ईस्टरची तारीख एका खाचांच्या चाकावर कोरलेली होती, २०१७ पर्यंतची. ईस्टर चंद्रावरच ठरतो, पण त्याचा नियम चाकांत बसवणं फार अवघड, म्हणून यादीच कोरली. त्यात गैर काही नाही, फक्त पुढचं चाक कोण कापणार आणि कुठे मिळणार हे घड्याळासोबतच्या कागदावर लिहिलेलं असावं. उदय-अस्ताच्या कॅमला मालकानं गाव बदलल्यावर हेच लागू आहे.